काळा मारुती आणि एकतीस काचा

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार. लष्कर, ग्वाल्हेर

दिवाळीची झाडलोट काढली आणि माळ्यावर पितळी भांड्यांच्या मागे एक सागवानी पेटी सापडली. आत लाकडी खाचा, प्रत्येक खाचेत एक काच उभी. मोजल्या, एकतीस भरल्या. दोन तडकलेल्या, एकीचा कोपरा उडालेला. पट्टी लावली: पावणेपाच बाय साडेसहा इंच, म्हणजे हाफ प्लेट.

पेटी आजेसासऱ्यांची. ते दरबारच्या पी.डब्ल्यू.डी.त ड्राफ्ट्समन होते. रस्ते, पूल, तलावांच्या कामावर जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडायचे. सासूबाई १९५८ साली या घरात आल्या तेव्हा ते अगदी थकले होते. पण न्हाणीघरात खुंटीला टांगलेला लाल काचेचा कंदील सासूबाईंना पक्का आठवतो. त्याला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता.

एक काच खिडकीच्या उजेडात धरली. काळं आकाश, काळं धोतर नेसलेला पांढऱ्या चेहऱ्याचा माणूस, हातात पट्ट्यापट्ट्यांचा दांडा. निगेटिव्ह असूनही त्याची बोटं मोजता येत होती.

पेटी पालथी घालून पाहिली. यादी नाही, वही नाही, काचांवर नंबरसुद्धा नाहीत. इतक्या कष्टानं काढलेले फोटो, आणि कुठले, कधीचे, हे सांगणारी एक चिठ्ठी नाही. म्हणून आजच ही वही सुरू केली. निदान यापुढे जे होईल ते लिहिलेलं असावं.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

भाऊ-वहिनी आले, भाचाही आला. त्याला फोटोग्राफीचा नाद. पेटी बघताच म्हणाला, "आत्या, आधी हातमोजे." काचेची एक बाजू चकचकीत, ती नुसती काच. दुसरी मंद, तिच्यावर जिलेटिनचा थर, आणि चित्र त्या थरात. बोट लागलं की डाग कायमचा. काच फक्त कडांना धरायची, ब्लोअरनं धूळ उडवायची, मऊ ब्रश फिरवायचा, बस.

हे मला आठ दिवस आधी कळायला हवं होतं. मागच्या सोमवारी एक काच बाजारातल्या एका स्टुडिओत साफ करायला दिली, ती काल परत आली. त्यांनी ती पाण्यानं धुतली. थर फुगला आणि दुधावरची साय निघावी तसा कोपऱ्यापासून सुटला. नदीचा घाट होता त्यावर, एवढंच आता कळतं. मी तेवीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. जिलेटिन पाण्यात फुगतं हे सांगूनच काच त्यांच्या हातात द्यायला हवी होती. क्रमांक ५, घाट. नोंदीत लिहिलं: थर सुटला, कारण पाणी.

१० नोव्हेंबर

लाइट बॉक्स, वर काच, वरून कॅमेरा. तडकलेल्या दोन (क्र. १२ आणि २२) बाजूला ठेवल्या, कारण उचलताना तुकडे सरकतात. बाकी सगळ्या झाल्या. तीन ठिकाणी प्रती ठेवल्या: घरी, भाच्याकडे इंदूरला, आणि ऑनलाइन.

प्रतींचा हा हट्ट माझा. रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहिला, कॅनव्हासवर भित्तिचित्रांच्या नकला करत. त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. एकच प्रत होती. त्याच गिलनं कॅमेऱ्यानं घेतलेले लेण्यांचे फोटो १८६४ साली फर्ग्युसनबरोबरच्या पुस्तकातून निघाले होते, ते टिकले.

१७ नोव्हेंबर

पडद्यावर बघून समाधान होईना. कागदावर उतरवायचं ठरवलं, आणि त्यासाठी मला येणारी रीत म्हणजे निळा छाप. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड, जॉन हर्शेलनं १८४२ मध्ये काढलेली. पुढच्याच वर्षी अ‍ॅना अ‍ॅटकिन्सबाईंनी समुद्री शेवाळ थेट या कागदावर ठेवून त्यांच्या छायांचं पुस्तक सुरू केलं. वनस्पतीचा आकार हातानं काढायची गरजच उरली नाही. पी.डब्ल्यू.डी.तले 'फेरो', म्हणजे नकाशांच्या निळ्या प्रती, याच रसायनातले. आजेसासऱ्यांचे हात आयुष्यभर याच निळाईत गेले असणार, हे कागदाला ब्रश लावताना मनात येत राहिलं.

क्र. १७ घेतली. गच्चीवर अठरा मिनिटं ऊन, मग नळाखाली. देऊळ उमटलं, दांड्याचा माणूस उमटला, डावीकडे एका शिळेवर अक्षरं उमटली. सगळी उलटी. काच पालथी ठेवली होती. मंद बाजू कागदाला टेकली पाहिजे, तरच डावं डावीकडे येतं आणि रेघही धारदार उतरते. दुसऱ्या छापात अक्षरं सरळ झाली: पहिल्या ओळीत "श्री", दुसऱ्या ओळीत "बावडी", तिसरीत "संवत १८". पुढचे दोन आकडे दांडा धरणाऱ्या माणसाच्या कोपरामागे गेलेत. माप दाखवायला उभ्या केलेल्या माणसानंच साल झाकलं.

२४ नोव्हेंबर

क्र. १७ ची नोंद, दिसतं तशी. छोटं घुमटीवजा देऊळ. समोर फरसबंदी. गाभाऱ्यात काळी मूर्ती, फक्त डोळे पांढरे. दांडा सहा फुटी, एकेका फुटाचे पट्टे. मागे निष्पर्ण झाड, फांद्यांवर काळे ठिपके, बहुधा थराला लागलेली बुरशी.

मूर्ती काळी, म्हणून मी भैरव धरला. जवळपासच्या काळभैरवांची यादी केली.

१ डिसेंबर

दोन भैरव पाहून आले. जुळत नाहीत.

परतताना किल्ल्याच्या चढावरच्या चतुर्भुज मंदिरात थांबले. नवव्या शतकातलं, एकाच खडकात कोरलेलं. आतल्या लेखात २७० हातांची बाग आणि रोजच्या ५० माळा असे आकडे आहेत, आणि त्यातलं शून्य आपण लिहितो तसंच वाटोळं. मोबाइलचा दिवा समोरून मारला तर भिंत सपाट, अक्षर दिसेना. दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं धरला तेव्हा प्रत्येक खोदरेघेच्या एका काठाला सावली आली आणि ते इवलंसं शून्य टचकन वर उठलं. किती तरी वेळ दिवा हलवत बसले. शिळालेखाचा फोटो म्हणजे सावलीचा फोटो. उजेड कुठून आला हे लिहिलं नाही, तर "अक्षर नाही" आणि "अक्षर दिसलं नाही" यातला फरक मागून बघणाऱ्याला कसा कळावा?

८ डिसेंबर

आणखी तीन भैरव. नाहीत. चिडचीड झाली, म्हणून आज कुठे गेले नाही, वाचत बसले.

१८३९ मध्ये पॅरिसला शास्त्रज्ञ अरागोनं डागेरचा फोटोग्राफीचा शोध संसदेपुढे मांडला तेव्हा उदाहरण दिलं ते इजिप्तच्या चित्रलिपीचं: थीब्ज, मेंफिस, कर्नाकच्या भिंतींच्या नकला करायला चित्रकारांच्या फौजा आणि कित्येक दशकं लागतील, ते काम या यंत्रानं एक माणूस करील. म्हणजे जन्मतःच या कलेला नकलनवीसाचं काम नेमून दिलेलं होतं. आपल्याकडे मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. १८५५ मध्ये मुंबई सरकारनं कॅप्टन बिग्जना विजापूर, बदामी, ऐहोळेकडची जुनी कामं टिपायला नेमलं. १८५८ मध्ये लिनिअस ट्राइपनं तंजावरच्या बृहदीश्वराच्या जोत्यावरचा लेख तुकड्यातुकड्यांनी घेतला आणि २१ फोटो जोडून सुमारे १९ फुटांची पट्टी तयार केली. त्या पट्टीपुढे मी मनातल्या मनात हात जोडले. एक जरी तुकडा पुढेमागे झाला तरी वाक्य तुटणार.

आभाळाचंही तेच. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला सोलापूरकडच्या जेऊरला पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेची मंडळी कॅमेरे रोखून बसली होती. खग्रास अवस्था दोनेक मिनिटांची; काचेवर उतरलेली मात्र पुढे हवी तेवढा वेळ मोजत बसता येते.

ओल्या कोलोडियनची रीत १८५१ ची. काच तिथेच लेपायची, चांदीच्या नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असेतो फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूत धुवायची. कोलोडियनमध्ये ईथर असतं आणि ईथर ३५ अंशांच्या आत-बाहेर उकळतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो. तेव्हा ही मंडळी हिवाळ्यातच का हिंडायची, याचं उत्तर त्या बाटलीतच आहे. १८७१ मध्ये मॅडॉक्सनं जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची वाट दाखवली आणि मग पेटीत काचा घालून कुणीही निघू लागलं, ड्राफ्ट्समनसुद्धा.

आणि ड्राफ्ट्समननं कॅमेरा धरणं ही या मुलखातली जुनीच चाल. लाला दीनदयाळ रुडकीला शिकून १८६६ मध्ये इंदूरला पी.डब्ल्यू.डी.त एस्टिमेटर आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. फोटो काढायला लागले ते १८७४ च्या सुमाराला. मध्य भारतातले इंग्रज एजंट लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर १८८२ मध्ये दौऱ्यावर निघाले, त्यातून मध्य भारतातल्या प्रसिद्ध वास्तूंचं १८८६ चं पुस्तक झालं; ग्वाल्हेरचा किल्ला त्यात आहेच. नकाशा काढणाऱ्याची नजर त्या फोटोंत जाणवते. उभी रेघ उभीच राहते, खांब कललेला दिसत नाही. आजेसासऱ्यांचा दांडाही ओळंब्यात आहे. मी कोन लावून पाहिला.

१५ डिसेंबर

आजचा दिवस सासूबाईंचा.

निळा छाप वाळत घातला होता, त्या काठी टेकत आल्या आणि चष्मा नाकावर सरकवून कितीतरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "हा मारुती कुठला गं?"

मी म्हटलं, "मारुती नाही आई, भैरव आहे. काळा आहे ना."

"काळा असेल नाही तर निळा. पायाखाली पनवती दाबलीये, ती बघ. आणि या बाजूला मारुती कधी काळा असतो का? शेंदराचे थर असतात बोटबोट."

मी भिंग आणलं. पायाखाली खरंच एक छोटी आकृती आडवी होती. आणि मग न्हाणीघरातला तो कंदील डोळ्यांसमोर आला. लाल कंदील. जुन्या प्लेटला लाल दिसतच नाही, म्हणून तर लाल उजेडात ती धुता येते! सुरुवातीच्या प्लेटांना फक्त निळा-जांभळा उजेड कळायचा. १८७३ मध्ये फोगेलनं रंगद्रव्यं मिसळून त्यांना हिरवा-पिवळा दाखवला, पण अशा ऑर्थो प्लेटलाही लाल अंधारच. जे लाल, ते काळं. सात आठवडे ते उत्तर घरातच खुंटीवर होतं, आणि मी, रसायनशास्त्र शिकवलेली बाई, काळा मारुती बघून भैरव शोधत फिरले.

भाच्याला फोन केला. त्यानं आमच्या गल्लीतल्या मारुतीचा रंगीत फोटो घेऊन त्यातला फक्त निळा भाग ठेवून पाठवला. शेंदरी मारुती डांबरासारखा काळाकुट्ट, डोळे चांदीचे पांढरे.

शेंदराखाली काय काय राहून जातं! विदिशाजवळ बेसनगरचा खांब, गावकऱ्यांचा खांब बाबा, आधी शिंद्यांच्याच राज्यात. १८७७ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या कनिंगहॅमनं पाहिला तेव्हा शेंदूर इतका जाड होता की अक्षरं दिसली नाहीत. १९०९ मध्ये संस्थानचे इंजिनिअर लेक यांना थराखाली काही कोरलेलं जाणवलं, शेंदूर काढला आणि ब्राह्मी लेख निघाला: तक्षशिलेच्या यवन राजाचा दूत हेलिओडोरस यानं वासुदेवासाठी उभारलेला गरुडध्वज.

रात्री नोंद दुरुस्त केली. "काळी मूर्ती" खोडलं नाही, पुढे लिहिलं: छापात काळी, बहुधा शेंदरी. आणि लिहिता लिहिता झाडावरच्या काळ्या ठिपक्यांकडे लक्ष गेलं. निष्पर्ण फांद्या, टोकाटोकाला गोल काळे ठिपके. ती बुरशी कशाची, ती काटेसावर आहे. लाल फुलांनी लगडलेली.

२२ डिसेंबर

सापडला. शिवपुरीकडच्या जुन्या रस्त्याला लागून, बावडी आणि दक्षिणमुखी मारुती. गावाचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. या भागात जुन्या मूर्ती रातोरात जातात. वहीच्या दुसऱ्या, घरी ठेवायच्या प्रतीत लिहिलं आहे.

मारुती तसाच आहे, शेंदूर आणखी चढला आहे. देवळाचा जीर्णोद्धार झालाय. गावकऱ्यांनी वर्गणी काढून भिंतींना फुलाफुलांच्या टाइल्स लावल्या, आणि बावडीकडची शिळा त्या टाइल्सच्या आत गेली. पुजारीबाबांना छाप दाखवला. त्यांनी त्यावरची अक्षरं बोटानं गिरवली आणि म्हणाले, लेख होता असं आजोबा सांगायचे, मी कधी पाहिला नाही. टाइल काढू या का, असं त्यांनीच विचारलं. मी नको म्हटलं. छिन्नी लागली तर शिळेचं नुकसान व्हायचं. त्यांनी देवळाची खूप मायेनं काळजी घेतली आहे.

समोरची फरसबंदी मात्र जुनीच राहिली आहे. छापातला खालचा गडद डाग म्हणजे फरशीत कोरलेलं कासव. दांड्याचं टोक कासवाच्या तोंडाशी टेकलेलं. छापात दांड्याची सावली सरळ देवळाकडे, म्हणजे उत्तरेला जाते, आणि एका फुटक्या फरशीच्या तिकोनी खळीशी संपते. तिकोनी खळ अजून तिथेच आहे. कासवाच्या तोंडापासून टेपनं मोजलं: ५ फूट २ इंच.

सावली उत्तरेला, म्हणजे वेळ माध्यान्हीची. ग्वाल्हेर २६ अंशांच्या थोडं वर. इथे सहा फुटी काठीची भरदुपारची सावली जूनअखेर साडेतीन इंच, मार्च-सप्टेंबरच्या समदिनी तीन फूट, आणि आज, म्हणजे सगळ्यात लहान दिवसांत, सात फुटांच्या वर. मी काठी धरून पाहिली, सावली खळीच्या पुढे दोन फूट गेली. ५ फूट २ इंच वर्षातून दोनदाच येते: नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या. नोव्हेंबरात काटेसावरीला पानं असतात. फुलं फेब्रुवारीत.

झाडाबद्दल पुजारीबाबांना विचारलं. सेमल होता, म्हणाले, वादळात पडला, ते लहान असताना.

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

भाचा इंदूरहून आला, सासूबाईही हट्टानं आल्या. येताना रस्त्याकडेला दोन काटेसावरी फुललेल्या. आज सूर्य माथ्यावर येण्याची इथली वेळ १२ वाजून ३१ मिनिटं. सहा फुटी दांडा घरी रंगवून नेला होता, लाल-पांढरा. भाच्यानं तो कासवाच्या तोंडाशी धरला, मी ओळंबा लावला.

१२:२५ ला सावलीचं टोक खळीच्या किंचित डावीकडे. १२:२९ ला काठावर. १२:३१ ला खळीत.

कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी पायरीवर बसूनच हात जोडले.

भाच्यानं निळ्या रंगापुरता फोटो घेतला, तेवढ्याच उंचीवरून. त्याच्या पडद्यावर दांड्याचे लाल पट्टे काळे झाले, मारुती काळा झाला. पाठीमागे झाड नाही. भिंतीला टाइल्स.

छापाची एक प्रत पुजारीबाबांना दिली, मागे पेन्सिलीनं सगळी माहिती लिहून.

१६ फेब्रुवारी

पाकिटांवर नंबर घालायचं काम. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानात पुरातत्त्व खातं १९१३ मध्ये निघालं, मो. ब. गर्दे त्याचे प्रमुख. गुजरी महालातलं संग्रहालय त्यांच्याच काळातलं. खात्याच्या वार्षिक अहवालांना वर्षभरात घेतलेल्या फोटोंची यादी जोडलेली असे. गाव, वास्तू, कुठल्या बाजूनं. रुक्ष यादी, पण तिच्यामुळे त्यांचा प्रत्येक फोटो साक्ष देऊ शकतो. आमच्या पेटीतल्या काचा तशा मुक्या राहिल्या होत्या. क्र. १७ आता बोलते. पाकिटावर लिहिलं: दक्षिणेकडून, माध्यान्ह, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, दांडा ६ फूट, लाल ते काळं.

२३ फेब्रुवारी

तडकलेल्या दोन काचा राहिल्या होत्या. नव्या स्वच्छ काचांच्या दोन पट्ट्यांमध्ये तुकडे जुळवून कडेनं कागदी टेप लावला. क्र. १२: पुलाची कमान, काम चालू. क्र. २२ च्या नोंदीत मी ऑक्टोबरात "विहीर, अनोळखी" असं लिहिलं होतं.

लाइट बॉक्सवर ठेवली. उजव्या खालच्या कोपऱ्यात कासवाची पाठ.

तीच बावडी, दुसऱ्या बाजूनं. ऊन तिरपं, सकाळचं असावं. शिळा उघडी, समोर कुणी उभं नाही. तडा शिळेच्या बोटभर वरून गेलाय. भिंग लावलं. संवत, मग १, ८, ७. चौथा आकडा जुन्या वळणाचा, ९ असेल किंवा १. सासूबाई ९ म्हणतात, भाचा १ म्हणतो. १८७९ धरलं तर इसवी सन १८२२, १८७१ धरलं तर १८१४. दोन्ही दौलतराव शिंद्यांच्याच कारकिर्दीतले. नोंदीत दोन्ही आकडे लिहिले, आणि कुणी कुठला वाचला तेही.